समोरचा पलंग

हॅलो?… हो सुमे, उषाताईच बोलतेय… अगं, दवाखान्यातच आहे, जयूपाशी. तू पुण्यात बसून फिकर नको करू. इथे एकदम बढिया व्यवस्था आहे.

…ताप? आहे ना अजून. दीड महिना होत आला. पण डॉक्टर साहेब आपल्यातले निघाले! आपले पणजोबा होळकरांच्या दरबारी होते, हे कळल्यापासून दिवसातून दोनदा येतात. काल तर घरून वरण-भात पाठवला… नाही गं, गिळवत नाही त्याला. तोंडभर पांढरे चट्टे आलेत. निम्मा झालाय आपला भाऊ.

…काय? कसली टेस्ट?… हळू बोल! एचआयव्हीची? आपल्याकडे?… अगं ऐक ना, डॉक्टरच म्हणाले, "अशा घरातल्या मुलाला ती टेस्ट सांगायची मलाच शरम वाटेल." किती अदब बघ!

…करतात की इतरांची. परवा मानपूरकडचा एक भिल्ल मजूर आला होता, गंगूबाई म्हणून बायको होती सोबत. त्याची आल्या आल्या केली. विचारलं-बिचारलं काही नाही. वर सिस्टर वॉर्डाबाहेरच्या गलियाऱ्यातूनच ओरडली, "ये तो एचआयव्ही वाला है!"… मग काय, पलंग रिकामा नाही म्हणाले. रिक्षात घालून सरकारी अस्पतालात धाडलं… पोचला की नाही? काय माहीत. कोणी विचारलं नाही… मीही नाही.

…हो, हो, होता ना पलंग. जयूच्या समोरचाच. तो मला दिलाय, दुपारी आडवं व्हायला… काय?… हो. त्याच पलंगावर बसलेय.

…त्या मजुराला काय होत होतं? ताप. खूप दिवसांचा. हाडं वर आलेली. गंगूबाई म्हणत होती, जेवण जात नाही, तोंडात सगळं पांढरं…

…

थांब सुमे, या पलंगावरून उठते आधी.

…जयू? झोपलाय… नाही गं, जागा आहे. माझ्याकडेच बघतोय. थांब हं जरा… जयू, सुमी म्हणतेय ती टेस्ट करू या का रे?… अरे, रडतोस काय राजा… सुमे, मान हलवली त्याने. कर म्हणतोय.

…ठेवू नको फोन, डॉक्टर आलेत. डॉक्टर साहेब, जयेशची एचआयव्हीची टेस्ट लिहा… नाही, तुमच्यावर नाराज नाही हो… खानदान? साहेब, ताप खानदानाला नाही, याला आहे… बदनामी आमची आम्ही बघू… उद्या नाही, आत्ता. आणि जे निघेल ते याला एकट्याला सांगा, गलियाऱ्याला नको.

…हो सुमे, लिहिली. तोंड पाडून लिहिली, पण लिहिली… सिस्टर आलीय रक्त काढायला. ठेवते गं. हात धरायचाय त्याचा… अगं, एवढा घोडा झाला तरी सुईला घाबरतो…