प्रमोद नाही, तर रूम नाही

इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत कॉफी मागवतानाही मला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते, तुम्हाला माहीतच आहे. आणि तिकडे चीनमध्ये, चेंगडूला, इथे हायवेवर दिसतं त्याच चेनच्या स्वस्त हॉटेलात, मी आणि आई काउंटरवर अडकलो. बुकिंग बाबांच्या नावावर आणि त्यांचं विमान लेट.

रिसेप्शनिस्टने फोनवरचं भाषांतर दाखवलं, ‘प्रमोद नाही, तर रूम नाही.’

मागे रांग वाढत होती. आई कुजबुजली, “अगं, बोल ना काहीतरी!”

मी आमचे दोन्ही पासपोर्ट उघडले आणि मधल्या, म्हणजे बाबांच्या नावावर बोट ठेवलं. “मी प्रमोद. हीपण प्रमोद.”

तिने दोनदा तपासलं आणि किल्ली दिली.

संध्याकाळी बाबा पोचले, तर तिने त्यांनाच अडवलं. फोनवर लिहिलं होतं, ‘प्रमोद आधीच आले आहेत. दोघी.’