वासुदेव आणि आमची दोघांची फटफटी

गावकरी मंडळी, मायबहिणींनो, शिरपूरच्या पाहुण्यांनो,

आज वासुदेवची तेरवी. मास्तर आहे म्हणून तुम्ही मला पहिल्यांदा उभं केलंत. वर्गात रोज बोलतो, पण आजचं बोलणं वेगळं आहे. चाळिशीसुद्धा उलटली नव्हती त्याची. काविळीनं नेला. त्याच्याबद्दल मोठं काही बोलणं मला जमणार नाही. मी आमच्या फटफटीबद्दल सांगतो. त्यात तो सगळा येतो.

गावाला माहीत आहे, गाडी दोघांची होती. पाहुण्यांसाठी सांगतो. मी बौद्धपुऱ्यातला, माझी शाळा आसेगावच्या बाजूला. वासुदेव पाटीलपुऱ्यातला, त्याचं वावर नाल्यापलीकडं. दोघांचीही पायपीट. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी रस्त्याच्या कामावरचा एक ओव्हरसिअर बदली होऊन चालला होता, त्याची जुनी फटफटी विकायला निघाली. एकट्यानं घ्यायची ऐपत कोणाची नव्हती. वासुदेव सकाळीच माझ्या दारात आला.

"मास्तर, अर्धी तुही, अर्धी माही. घेतं काय?"

मी म्हटलं, "कोणती अर्धी कोणाची?"

"सामोरची तुही. मी मांगं बसतो."

हसण्यावारी नेलं मी. पण तो खरंच बोलला होता. चालवायला शिकला, दोनदा तुरीत घुसला, आणि म्हणाला, "हे आपलं काम नाही." हाताचं काम मात्र त्याचं. मी चालवायचो, तो सांभाळायचा.

आणि सांभाळणं म्हणजे काय, मंडळी? आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे. पोळ्याच्या सुमारास आम्ही वावरांमधल्या पांदणीनं निघालो, तर मडगार्डात चिखल ठासून भरला. चाक फिरेना. तुराटीनं चिखल कोरत आम्ही दोघं बसलो. वासुदेव म्हणाला, "हे डांबरी सडकेची पोरगी हाय, मास्तर. इले वावरात नांदवा लागते."

दुसऱ्या दिवशी गाडी लोहाराकडं. पुढचं मडगार्ड वीतभर वर घेतलं. सायलेन्सर वाकवून उंच केला, नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून. अकोल्याहून खोल खाचांचे टायर आणले. गावानं नाव ठेवलं, बोकड. ठेवू द्या. तो बोकड नाला उतरायचा, ढेकळं चढायचा. पोहरादेवीच्या यात्रेला आम्ही सडक सोडून शेताशेतांतून गेलो. मागं वासुदेव गात होता. बेसूर गायचा, पण पूर्ण गायचा.

रविवारी त्याच्या खळ्यात गाडी उघडायची. चेन रॉकेलात बुडवायची, प्लग पॉलिश पेपरनं घासायचा, कार्बोरेटरमध्ये तोंडानं फुंक मारायची. मग पेट्रोलची चव जाईना म्हणून गुळाचा खडा. हात राखेनं घासल्याशिवाय वहिनी ताट वाढत नसत. किती रविवार गेले असे? मोजले नाहीत. मोजायची गरज वाटली नाही.

आता जे सांगतो ते काहींना आवडणार नाही. सांगतो.

आम्ही गावात शिरायचो तेव्हा पुढं मी असायचो, मागं वासुदेव. त्याच्या भावकीतल्या एका वडीलधाऱ्यानं त्याला अडवलं. म्हणाले, "वेशीपाशी उतरत जा. गावात पायी ये." वासुदेवनं मला हे सांगितलंसुद्धा नाही, दुसऱ्यांकडून कळलं. तो उतरलाही नाही.

मग कमलताईचं लग्न जुळत आलं. ही त्याची धाकटी बहीण. वडील नव्हते, सगळं वासुदेववर. मुलाकडच्यांनी आम्हाला गाडीवर पाहिलं. मधला माणूस निरोप घेऊन आला. पोरगी पसंत आहे, पण ते मागं बसणं बंद करावं लागेल.

मला कळलं तसा मी खळ्यात गेलो. तो चेन पुसत होता. म्हटलं, "वासुदेव, माझी अर्धीही तूच घे. बहिणीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मान वर न करता म्हणाला, "मंग चालवन कोन?"

"ही थट्टेची वेळ आहे का?"

त्यानं चेन खाली ठेवली. "थट्टा नाही करून राह्यलो. दोन राती झोपलो नाही मी. पन लगन तिचं हाय. तिले इचारतो."

कमलताई, त्यानं हाक मारली आणि तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. तुमचा हात चौकटीवर होता. तुम्ही म्हणालात, "दादा, आज ते तुले गाडीवरून उतरवून राह्यले. उद्या मले कशावरून उतरवतीन?"

वासुदेवनं चेन उचलली आणि चढवायला बसला. मी दुसरी बाजू धरली.

लग्न मोडलं. पुढं बराच काळ कोणी विचारायला आलं नाही. फटफटीपायी बहीण घरात बसवली, असं लोक बोलले. यातले काही इथं बसले आहेत. त्या दिवसांत तो मागं बसून गायचा नाही. अंगानंही उतरला. पण वेशीपाशी? एकदाही उतरला नाही.

मग एकदा शिरपूरच्या वाटेवर आम्ही चिखलातून गाडी काढली. बाजूला एक बैलबंडी फसली होती. आम्ही खांदा लावून ती बाहेर काढली. बंडीवाल्यानं आमचं वर घेतलेलं मडगार्ड पाहिलं आणि गाडीपाशी उकिडवाच बसला. हे कोणी केलं? पाणी शिरत नाही का? वासुदेवनं सगळं समजावलं. मग बंडीवाल्यानं विचारलं, "घरी कोन कोन हाय तुमच्या?"

आबाजी, तुम्हीच ते बंडीवाले. पुढं तुम्ही कमलताईंना सून म्हणून मागायला आलात, तेव्हा गाडीवर कोण पुढं बसतं हे तुम्ही पाहिलेलं होतं. तुम्ही त्याबद्दल एक शब्द काढला नाही. वासुदेव मला म्हणाला होता, "मास्तर, मानूस मोठा हाय." त्याच्या माघारी तो निरोप आज तुम्हाला पोचवतो.

परवा मी वहिनींकडं गेलो. म्हटलं, गाडी इथं आणून उभी करतो, ती आता घरची. वहिनी म्हणाल्या, "मास्तर, तुमीच चालवा. फक्त रविवारी खळ्यात घेऊन येत जा. घराले त्या आवाजाची सवय हाय."

येईन, वहिनी. दर रविवारी येईन. हात काळे करून येईन. मला त्याच्यासारखं जमणार नाही, पण येईन.

आता सगळ्यांनी उभं राहावं. बायांनी, माणसांनी, इकडच्या पुऱ्यातल्यांनी, तिकडच्या पुऱ्यातल्यांनी. जो जिथं आहे त्यानं तिथं, शेजारच्याला लागून. थोडा वेळ कोणी काही बोलू नये.

वासुदेव, जयभीम. वासुदेव, रामराम.