मधला बांध

अलिबागच्या दवाखान्यात मी तापलेल्या बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. मागच्या बाकावर शेतीप्रदर्शन पाहून आलेले नवराबायको बोलत होते.

"अवो, तो हातानं धरायचा इंजिनाचा जपानी नांगर घ्या. आपल्या खाचरात मावंल."

"त्याच्यामागं दिसभर चालायचं. माझं गुडघं बघ. ट्रॅक्टरवर बसाया तरी मिलतं."

"बसा की. पन वळवाल कुठं, माझ्या चुलीवर?"

"मधला बांध फोडू."

"तो काळूराम भावजींचाबी हाय. बापाच्या तेराव्यापासून तुमी दोघं बोलत न्हाय."

"व्हय."

"मंग?"

"फोडायचा तर त्याला इचारावं लागंल."

बाळ कुरकुरलं. मी हळूच थोपटलं.

"मंग ट्रॅक्टरच बरा," ती म्हणाली. "इचाराया जाल तवा मीबी येते."