भीमाण्णाच्या चढावरचा जॉइंट

आमच्या आप्पांच्या ट्रकचं सांगितलं न्हाय व्हय तुम्हाला? मग च्या होऊ दे अजून एकदा.

लढाई संपल्यावर मिलिटरीची जुनी वाहनं विकायला निघाली, त्यातला एक ट्रक आप्पांनी घेतला. चारी चाकं ओढणारा. जांबोटीहून लाकूड आणायचो आम्ही. पण चिखलात पुढच्या चाकांना जोर दिला की ती चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा, म्हंजे शाफ्टचा, जॉइंट तुटायचा, आणि तो बी नेमका वाटेवरच्या भीमाण्णा शेतकऱ्याच्या दारासमोरच्या चढावर. मग भीमाण्णा बैल जुंपून ट्रक वर ओढून द्यायचा आणि वर विचारायचा, "आप्पा, ह्या गाडीला इंजिन कशाला हो ठेवलंय?"

आप्पांना ते लई झोंबलं. मला घेऊन बेळगावच्या भंगारबाजारात गेले. मी म्हटलं, "जुना होता तसलाच घेऊया." तर माझ्यावरच खेकसले, "तसलाच तर तुटतोय रं! दांडगा बघ." शेवटी मोठ्या ट्रकचे दोन जाडजूड जॉइंट शाफ्टच्या दोन्ही टोकांसाठी हुडकले आणि मिस्त्रीकडून घासूनपुसून बसवून घेतले.

पुढच्या खेपेला ट्रक चढावर हत्तीगत निघाला. गाडी मी चालवत होतो; शेजारून आप्पा ओरडले, "थांबायचं न्हाय! भीमाण्णाकडं बघायचं बी न्हाय!"

पण आमच्या इंजिनचा आवाज ऐकून भीमाण्णाचे बैल सवयीनं आपणहून रस्त्यात येऊन उभारले. मी ब्रेक दाबला. परत गाडी उचलायला गेलो, तर चारी चाकं जागच्या जागी फिरून चिखलात रुतली.

भीमाण्णा पळत आला. "तुटला व्हय जॉइंट?"

आप्पा छाती काढून म्हणाले, "छ्या! एकदम ठणठणीत हाय. जुंप बैल."