नागसेनजींनी न फेकलेले ब्लॉक

आदरणीय अध्यक्ष भय्यासाहेब, मंचावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आमच्या पॅथॉलॉजी लॅबचे टेक्निशियन नागसेनजी, त्यांच्या पत्नी नीलिमाताई, आणि राइट टाउनपासून महाराजपुरपर्यंत कुठून कुठून वेळ काढून आलेल्या सगळ्यांना डॉक्टर शरयूचा नमस्कार आणि जयभीम.

शाल झाली, श्रीफळ झालं, कौतुकही भरपूर झालं. चलो, आता थोडं माझं ऐका. एरवी मी दोन मिनिटांत आटपते, आज जमणार नाही.

एकतीस वर्षं नागसेनजींनी रुग्णांच्या त्वचेचे तुकडे मेणात बसवले, केसाहून बारीक कापले आणि काचेवर माझ्यासमोर ठेवले. मेणाचा तो ब्लॉक आमच्याकडे पाच वर्षांनी फेकायचा असतो. यांनी एकही फेकला नाही. कपाटं भरली तेव्हा मी चिडून यांना मेमोसुद्धा दिला होता.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याच टायपिस्ट शैलजाच्या पाठीवरच्या चट्ट्याचा तुकडा आला. दाद, म्हणजे गजकर्ण, समजून तिनं मलमाच्या ट्यूबांवर ट्यूबा संपवल्या होत्या. नागसेनजी म्हणाले, "मॅडम, ह्या पेशी वरच्या थरात चढून राहिल्या. अजून खोल कापून देऊ का?" मी काय म्हणावं? "तुम्ही कापा, पाहायचं ते मी पाहते." एक्झिमा लिहून मोकळी झाले. शैलजानं स्वतःचा रिपोर्ट स्वतः टाइप केला आणि सगळ्यांना खोव्याची जलेबी खाऊ घातली.

यंदा तिच्या पाठीवर गाठी आल्या. त्वचेचा लिम्फोमा. म्हणजे काय? आपल्या रक्षणासाठी त्वचेत पांढऱ्या पेशी फिरत असतात; नागसेनजींना वर चढलेल्या दिसल्या त्या ह्याच. वाढा आणि थांबा, हे हुकूम त्यांच्यातली जनुकं देतात. वाढीचं एखादं जनुक बिघडलं, की स्कूटरचा ॲक्सिलरेटर अडकावा तसं होतं. ती पेशी थांबत नाही, मरत नाही, तिच्यासारख्याच हजारो होतात. वर्षानुवर्षं नुसती खाज असते. मग आणखी एखादं जनुक बिघडतं आणि गाठी येतात.

नवा तुकडा जनुकांच्या तपासणीला पाठवताना नागसेनजींनी मला न विचारता जुना ब्लॉकही पाठवला. दोन्हींत तोच बिघाड निघाला. नऊ वर्षांपूर्वी तो तिथंच होता, माझ्या सहीखाली. मला शरम वाटते.

आज सकाळी मी हे शैलजाला सांगितलं. ती म्हणाली, "हॉलमध्ये सांगा मॅडम, माझं नाव घेऊन सांगा. बाकीचे काहून बेखबर राहतील?" ती समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे.

बाकीचे म्हणजे किती? शैलजाच्या त्या रिपोर्टच्या आसपासच्या दोन वर्षांत अशा चट्ट्यांना मी एक्झिमा म्हटलं, ते त्रेसष्ट. पंधरा दिवसांत आम्ही दोघांनी अकरा ब्लॉक पुन्हा कापून पाहिले. त्यांतल्या दोन रुग्णांच्या पेशी शैलजासारख्याच वर चढलेल्या आहेत. एकाचा पत्ता रिछाईतल्या कारखान्याचा, तो कारखाना बंद, फोनही बंद. दुसऱ्या बाई फोनवर हसल्या, "ट्यूब लगाने से ठीक रहता है, दीदी." बावन्न अजून कपाटात आहेत.

घरात कुणाचा चट्टा वर्षानुवर्षं जात नसेल आणि आमचा जुना रिपोर्ट असेल, तर घेऊन या. नागसेनजी निवृत्त झाले तरी उद्या दहाला लॅबमध्ये येणार आहेत. नीलिमाताई, त्याबद्दल तुमचे आभार. अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचेही आभार.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या रिपोर्टबद्दल मात्र मी तुमच्याकडे माफी मागत नाही. ती शैलजाकडे मागितली आहे. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही.