एक गुडघा वर

आजी : थांबव, थांबव ते. ही कोण बाई?

यूना : असं काय करतेस आजी? तूच ती. तुझंच दुकान, तुझेच किमचीचे डबे. इसोबेताई आठ महिने या कार्टूनची चित्रं काढत बसल्यात.

आजी : कोबीच्या लोणच्याचे डबे माझे आहेत. एप्रनवरचा डागसुद्धा माझाच. पण ही घडी घातलेल्या रजईसारखी बसलीय, ती कोण?

इसोबे : पाय दुमडून टाचांवर बसलात, आजी. नीटनेटक्या.

आजी : मी कधी बसले अशी?

इसोबे : तुमचा मान राखायला काढलं. आमच्याकडे चांगल्या घरची बाई अशीच बसते.

आजी : आमच्या जेजू बेटावर चांगल्या घरची बाई एक गुडघा वर करून बसते. त्यावर कोपर टेकलं की दिवसभर कोबीला तिखट चोळा, खांदा कुरकुरत नाही. माझी आई सणाला नवा घागरा घालून पाहुण्यांपुढं अशीच बसायची.

इसोबे : हो, पण इथे ओसाकात... रागावू नका हं. आमच्या चित्रपटांत गुडघा वर करून जुगारी बसतात. नाहीतर दरोडेखोर.

आजी : पन्नास वर्षं पहाटे चारला उठून कोबी चिरतेय. दरोडा घालायला सवड कधी मिळाली मला?

यूना : हसू नका हो इसोबेताई, ती आणखी चढेल.

आजी : चढणारच. परवा माझा आवाज भरून घेणार ना? नाही देणार. या बाईच्या तोंडून मी बोलणार नाही. तिच्या टाचा दुखत असतील, तिचं ती बघेल.

यूना : आजी! सात मिनिटांचं कार्टून आहे. शाळाशाळांत दाखवणार आहेत. या गल्लीत आपल्यासारखी, समुद्रापलीकडून आलेली माणसंही राहतात, हे पोरांना कळावं म्हणून तर सगळा खटाटोप.

आजी : मग आपल्यासारखी बसू दे की तिला!

इसोबे : खरं सांगू आजी? माझ्या पहिल्या चित्रात गुडघा वरच होता.

आजी : मग खाली कुणी घेतला?

इसोबे : ते... म्हणजे...

यूना : मी. मीच सांगितलं बदलायला.

आजी : तू?

यूना : तिसरीत होते. मैत्रिणी घरी आल्या, तेव्हा तू अशीच बसून मुळे चिरत होतीस. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्या खुर्चीवर गुडघा वर करून बसल्या. माझ्याकडे बघत. त्यानंतर मी कुणालाच घरी आणलं नाही.

आजी : असं होय! मला वाटायचं, त्यांना किमची तिखट लागली.

यूना : आता पुन्हा पोरं हसतील. आणि या वेळी तुला.

आजी : हसू देत. तेव्हा तू एकटी होतीस, एवढीशी. आता मी अख्ख्या भिंतीएवढी दिसणार आहे. बघू कोण किती हसतं.

इसोबे : एकशे चाळीस चित्रं पुन्हा काढावी लागतील. परवापर्यंत.

आजी : मग इथेच काढा, इथेच जेवा. कांद्याच्या पातीची धिरडी घालते. यूना, तूही बस. रडत खाऊ नये, खारट लागतं.

यूना : रडत नाहीये. तिखट आहे ते.

इसोबे : आधी मीच बसून बघते. हा पाय आत, हा वर... आई गं!

(इसोबे कलंडते. चटणीची वाटी उलटते.)

आजी : म्हणे दरोडेखोर! अहो, गुडघा धरा की हाताने. पळून नाही जात तो.

इसोबे : नको, मी आपली चित्रंच काढते. धिरडं मात्र आणखी एक द्या.

यूना : इसोबेताई, आजी तिकडे तव्यापाशी उभी आहे. तुम्ही इकडे कुणाकडे बघून काढताय?

इसोबे : तुझ्याकडे. खायला बसलीस तेव्हापासून.

यूना : माझ्याकडे? मी कुठे... अगं बाई! हा गुडघा कधी वर गेला?

आजी : आता खाली घेऊ नकोस. बाईंची अजून एकशे एकोणचाळीस राहिलीत.