मोकळ्या मानेचा पेच

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, कारखान्यातले माझे सहकारी, आणि दुसऱ्या रांगेत बसून माझ्याऐवजी पंख्याकडे बघणाऱ्या आमच्या सूनबाई,

सत्काराला उत्तर देताना माणसानं गहिवरावं, असा रिवाज आहे. मला मात्र नुसती लाज वाटते आहे.

मघाशी आपण सगळ्यांनी पाहिलंत. थर चिकटवून केलेली ती जाडजूड लाकडी तुळई, तिच्यात तिरका बसवलेला माझा नवा पेच, आणि तो उपटू पाहणारं यंत्र. काटा ठरल्या खुणेच्या कितीतरी पुढे गेला, तेव्हा कुठे पेच बाहेर आला. काय टाळ्या पडल्या! अध्यक्षांनी तर तिथल्या तिथे जाहीर केलं, शाळेच्या नव्या सभागृहाच्या छताला यांचाच पेच. मग तोच पेच मखमली डबीत घालून मला भेट दिला. मी चष्मा लावला. खोड, दुसरं काय!

आता थोडं घरचं सांगतो. सूनबाई याच कारखान्यात पेच आखते, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर एकच भांडण चालतं. मी म्हणतो, पेचाची डोक्याखालची मान गुळगुळीत, बिनआट्यांची, मोकळी हवी. म्हणजे दोन लाकडं एकमेकांकडे ओढली जातात. ती म्हणते, "बाबा, ओढणं वेगळं, धरून ठेवणं वेगळं. भार पेलायचा तर आटे डोक्यापर्यंत हवेत." त्यावर या विद्वानानं काय उत्तर द्यावं? "तुझाच एक स्क्रू ढिला आहे!" सगळे हसले. बिचारी तीही हसली.

तर मंडळी, या डबीतल्या पेचाला आटे डोक्यापर्यंत आहेत.

चहाच्या वेळी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "हे काय केलंस?"

"सकाळी तुमचा लावून बघितला, बाबा. फार लवकर सुटला. भरल्या सभेत तुमची मान खाली जायला नको, म्हणून बदलला. साहेब लगेच छताचं जाहीर करतील, हे मला काय माहीत? उद्या सांगू ना. आज तरी हार मिरवा."

पेच सुटला याचं मला काही नाही. सुटायचेच, म्हणून तर यंत्र ठेवलंय. पण खरं सांगण्यापेक्षा लपवणं सोपं वाटावं, इतका मी घरच्या माणसाला अवघड झालो, याची शरम वाटते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा आज गेला.

अध्यक्ष महोदय, दिलेला शब्द मागे घेणं जड जातं, जाणतो. पण त्या छताखाली पोरं बसणार आहेत. तिथे हिचा पेच जाऊ द्या, हिच्याच नावानं. सूनबाई, वर ये. डबी तुझी आहे. अगं ये, पंखा कुठे पळून जात नाही.

तुळई उचलून आणणाऱ्या सुतारांचे, चहावाल्यांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते पोटात घाला. माझा पेच मात्र छतात घालू नका.